बारा अंशांचे पाणी

कॅलिफोर्नियाच्या उत्तर भागात रेडिंग नावाचे शहर आहे. जुलैत तिथला पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो. अकोला-चंद्रपूरकरांना ओळखीचे वाटावे असे ऊन. या शहरातून सॅक्रामेंटो नदी वाहते आणि नेमक्या याच दिवसांत तिच्या तळाच्या गोट्यांखाली चिनूक सामन माशाची अंडी असतात. अंड्यांना पाणी लागते बारा अंश सेल्सिअसच्या आसपासचे. असे पाणी भर उन्हाळ्यात मिळण्याची एकच जागा आहे, ती म्हणजे नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या शास्ता धरणाचा तळ. तिथे ते किती शिल्लक आहे, कधी सोडायचे आणि कोणासाठी, यावरून दर वर्षी धरणाचे अभियंते, खालच्या खोऱ्यातले भातशेतकरी, मासेमार, मत्स्य विभाग आणि तिथली आदिवासी जमात यांची ओढाताण चालते. २०२१ च्या दुष्काळात हे थंड पाणी पुरले नाही. त्या हंगामातल्या अंड्यांपैकी जेमतेम अडीच टक्क्यांची पिले नदीतून खाली जाताना मोजली गेली. एरवी हे प्रमाण साधारण पाव हिश्श्याच्या आसपास असते.

आपल्याकडे सामनचे नाव निघाले की रावस आठवतो, कारण हॉटेलांच्या मेनूकार्डावर रावसाला ‘इंडियन सामन’ म्हणण्याची पद्धत आहे. या दोघांचे नाते नावापुरतेच. सामनची खरी तुलना कोकणातल्या चढणीच्या माशांशी करायला हवी. मृगाच्या पहिल्या पुराबरोबर मासे ओढ्यांतून, शेतांतून वर चढतात ते अंडी घालायला. सामनही तेच करतो, फक्त त्याची चढण समुद्रापासून सुरू होते आणि शेकडो किलोमीटरची असते. मादी शेपटीने गोटे उकरून खळगा करते, त्यात चार-पाच हजार अंडी घालते, वर पुन्हा गोटे लोटते आणि काही दिवसांत मरते. पुढची पिढी त्या गोट्यांच्या फटींतून वाहणाऱ्या पाण्याच्या स्वाधीन.

सॅक्रामेंटो नदीत चिनूकचे चार हंगामी गट आहेत. त्यांतला हिवाळी गट जगात आणखी कुठेही नाही. तो हिवाळ्यात समुद्रातून नदीत शिरतो म्हणून हिवाळी. अंडी मात्र भर उन्हाळ्यात घालतो, मुख्यतः जून-जुलैत. थंड पाण्याच्या माशाने असा वेडेपणा करावा हे विचित्र वाटते. पण तो वेडेपणा नव्हता. शास्ता पर्वताच्या ज्वालामुखी खडकांतून पाझरणाऱ्या झऱ्यांवर मॅकक्लाउडसारख्या नद्या वाहतात आणि त्यांचे पाणी ऐन उन्हाळ्यातही थंड राहते. हे मासे हजारो वर्षे त्या पाण्यात अंडी घालत होते. १९४५ मध्ये शास्ता धरण पूर्ण झाले आणि ती वाट कायमची बंद झाली. सुमारे १८३ मीटर उंचीच्या भिंतीवर मासा चढू शकत नाही. १९६९ मध्ये हिवाळी गटाचे एक लाखाहून अधिक मासे परतले होते. १९९१ मध्ये ही संख्या दोनशेच्याही खाली आली. १९९४ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने त्याची नोंद नष्ट होण्याच्या मार्गावरील प्राण्यांत केली.

आज हा गट अंडी घालतो धरणाच्या खाली, रेडिंगच्या तापलेल्या मैदानात. तिथे तो टिकला आहे तो धरणामुळेच, हा यातला उलटा भाग. मोठ्या जलाशयात उन्हाळ्यात पाण्याचे थर पडतात. वरचा थर तापतो, हलका होतो आणि वरच राहतो. हिवाळ्यात साठलेले थंड, जड पाणी तळाशी. शास्ताची क्षमता सुमारे १९८ टीएमसी, म्हणजे कोयनेच्या दुपटीला थोडी कमी. भरलेल्या वर्षी तळाचा थंड साठा मोठा असतो. कोणत्या पातळीवरचे पाणी उचलायचे हे ठरवता यावे म्हणून १९९७ मध्ये सुमारे ८ कोटी डॉलर खर्चून धरणाच्या भिंतीला आतून दारांची एक अवाढव्य लोखंडी चौकट बसवण्यात आली. वसंतात वरच्या दारातून कोमट पाणी घ्यायचे, तळाचे राखून ठेवायचे आणि अंडी पडली की खालची दारे उघडायची. घरात पाहुणे येणार म्हणून माठातले पाणी राखून ठेवावे, तसा हा प्रकार. फक्त पाहुणे मे ते ऑक्टोबर मुक्कामाला असतात.

या मुक्कामाच्या लांबीतच खरी गोम आहे. माशाच्या अंड्याची वाढ पाण्याच्या तापमानावर चालते. पाणी जितके गरम, तितकी वाढ वेगाने. मत्स्यशास्त्रज्ञ यासाठी सोपा हिशेब करतात: दर दिवसाचे सरासरी तापमान मिळवत जायचे. चिनूकच्या बाबतीत ही बेरीज पाचशेच्या आसपास पोहोचली की अंडी फुटतात. म्हणजे बारा अंशांच्या पाण्यात साधारण सहा आठवडे. फुटल्यावरही पिलू लगेच बाहेर येत नाही. पोटाला लटकलेल्या बलकावर गुजराण करत ते आणखी जवळजवळ तेवढेच दिवस गोट्यांखाली राहते. जुलै अखेरीस घातलेल्या अंड्याला ऑक्टोबरपर्यंत थंड पाणी हवे. आणि जलाशयातला थंड साठा संपतो तो नेमका ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये.

आपल्या कटला, रोहू, मृगळ यांच्याशी ताडून पाहिले की यातला फरक कळतो. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी पियुषिका ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन या माशांचे प्रजनन घडवले. आज राज्यातली मत्स्यबीज केंद्रे चालतात ती त्याच वाटेने. या माशांची अंडी सत्तावीस-अठ्ठावीस अंशांच्या पाण्यात पंधरा ते अठरा तासांत फुटतात आणि तीनेक दिवसांत बलक संपून मत्स्यजिरे नर्सरीत सोडण्याजोगे होते. संध्याकाळी इंजेक्शन दिले की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नशीब कळते. पाणी बत्तिशीच्या पुढे गेले तर अंडी आणखी लवकर फुटतात, पण वाकड्या कण्याची, अशक्त पिले निघण्याचे प्रमाण वाढते. बीज केंद्राचा माणूस मग गोलाकार हौदात ताजे पाणी वाढवतो किंवा पावसाने हवा गार होण्याची वाट पाहतो. त्याची जोखीम एका-दोन रात्रींची. सामनची जोखीम अख्ख्या उन्हाळ्याची, आणि तिथे हौदही नाही.

सॅक्रामेंटोसाठी १९९० पासून नियम होता की अंडी असलेल्या पट्ट्यात पाण्याचे दैनिक सरासरी तापमान ५६ अंश फॅरेनहाइटच्या, म्हणजे १३.३ अंश सेल्सिअसच्या वर जाऊ नये. हा आकडा हवेतून आलेला नव्हता. प्रयोगशाळेत अंडी वेगवेगळ्या तापमानांना उबवून पाहिली असता पंधरा अंशांपर्यंत फारशी मरतूक होत नाही, असे दिसले होते. त्या हिशेबाने नियमात भरपूर मोकळीक राखलेली होती. तरीही २०१४ आणि २०१५ च्या दुष्काळात, थंड साठा हंगाम संपण्याआधीच आटला तेव्हा, दोन्ही वर्षी सुमारे पंचाण्णव टक्के अंडी आणि पिले गेली. मागच्या नोंदी तपासल्यावर असेही दिसले की ज्या वर्षी पाणी नियमाच्या काठावर राहिले, त्या वर्षीही मरतूक प्रयोगशाळेच्या अंदाजापेक्षा बरीच जास्त होती.

याचे उत्तर २०१७ मध्ये मिळाले. सांताक्रूझ येथील सरकारी मत्स्यविज्ञान केंद्रातील बेंजामिन मार्टिन आणि सहकाऱ्यांनी ‘इकॉलॉजी लेटर्स’ या नियतकालिकात दाखवून दिले की प्रयोगशाळा आणि नदी यांत तब्बल तीन अंशांचा फरक आहे. प्रयोगशाळेत अंडी पंधरा अंशांच्या पुढे मरू लागतात. नदीत बाराच्या पुढेच. अंडी तीच, मासा तोच. फरक पडला होता पाण्याच्या वेगामुळे.

अंड्यातल्या गर्भाला कल्ले नसतात, की रक्त खेळवून प्राणवायू ओढून घेणारी नीट यंत्रणा नसते. प्राणवायू अंड्याच्या पातळ आवरणातून आपोआप झिरपेल तेवढाच त्याला मिळतो. बाहेर पाणी वाहते असेल तर अंड्याभोवतीचे वापरलेले पाणी पुढे जाते आणि ताजे येते. पाणी मंद असेल तर अंड्याभोवती प्राणवायू संपलेल्या पाण्याची एक साय धरते. चिनूकचे अंडे वाटाण्याएवढे, माशांच्या अंड्यांत चांगलेच मोठे; आतल्या ऐवजाच्या मानाने त्याला बाहेरचा पृष्ठभाग कमी. आता पाणी तापले की गर्भाची भूक वाढते. त्याच्या शरीरातल्या सगळ्या क्रिया वेगाने चालू लागतात आणि प्राणवायू जास्त लागतो. पुरवठा मात्र वाढत नाही. उलट किंचित घटतो. बारा अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे १०.८ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, पंधरा अंशांना १०.१. ही घट बारीक आहे. खरा घोळ मागणी वाढण्याचा.

प्रयोगशाळेच्या भांड्यात पाणी चांगल्या वेगाने खेळवलेले असते. तिथला गर्भ पंधरा अंशांपर्यंत तग धरतो, कारण त्याच्या दाराशी सतत ताजे पाणी येत असते. नदीच्या तळाशी गोट्यांच्या फटींतून पाणी त्याच्या काही पटींनी मंद झिरपते. तिथे मागणी-पुरवठ्याची गाठ तीन अंश आधीच तुटते. म्हणजे अंडी उष्णतेने मरतात असे म्हणणे अर्धेच खरे. उष्णतेमुळे त्यांचा श्वास कोंडतो. सर्वांत नाजूक काळ असतो फुटण्याच्या आधीचा. तेव्हा गर्भ पुरता वाढलेला असतो, प्राणवायूची गरज शिगेला पोहोचलेली असते आणि आवरण मात्र तेच, तेवढेच.

हा शोध लागल्यावर नियम बदलले. २०१९ च्या नव्या नियमावलीत चांगल्या पाणीसाठ्याच्या वर्षांसाठी ५३.५ अंश फॅरेनहाइट, म्हणजे बारा अंशांच्या जरासे खाली, हे लक्ष्य आले. साठा कमी असलेल्या वर्षी लक्ष्य टप्प्याटप्प्याने सैल होते. यावर शास्त्रज्ञांतही एकमत नाही. काहींचे म्हणणे, नाजूक काळ फुटण्याआधीचे थोडेच दिवस असेल तर थंड पाणी तेवढ्यासाठी राखावे, हंगामभर उधळू नये. दुसऱ्या बाजूचे म्हणणे, सगळ्या माद्या एका दिवशी अंडी घालत नाहीत. मे ते ऑगस्ट कुठल्या ना कुठल्या खळग्यातली अंडी त्या नाजूक टप्प्यावर असतातच. नदीत ज्याला खरोखर पाणी सोडायचे आहे, त्याला दुसरी बाजू अधिक पटेल.

चिनूकच्या अंड्यांची ही गोष्ट एकट्या चिनूकची नाही, हे २०२० मध्ये पुढे आले. जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेतील फ्लेमिंग डाल्के आणि सहकाऱ्यांनी ६९४ जातींच्या माशांची उपलब्ध माहिती एकत्र करून ‘सायन्स’मध्ये मांडली. प्रौढ मासे आणि पोहू लागलेली पिले तापमानातला जेवढा चढउतार सोसतात, त्याच्या तुलनेत अंड्यातल्या गर्भांची आणि अंडी घालण्याच्या बेतात असलेल्या माशांची सहनशक्ती फार अरुंद असते. हरितवायूंचे उत्सर्जन बेलगाम वाढत राहिले तर या शतकाच्या अखेरीस साठ टक्क्यांपर्यंत जातींच्या अंडी घालण्याच्या जागा त्यांच्या या अरुंद पट्ट्याबाहेर गेलेल्या असतील. तापमानवाढ दीड अंशावर रोखता आली तर हे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास राहील. हवामान बदलाने मासे उत्तरेकडे सरकतात, खोल जातात, अशा बातम्या अधूनमधून येतात. त्या मोठ्या माशांच्या असतात. अंडे सरकू शकत नाही.

अंड्यातून सुटका झाली तरी पिलाचे भागत नाही. गरम पाण्यात वाढलेला गर्भ बलकाचा मोठा हिस्सा नुसत्या जगण्यावर खर्च करतो, त्यामुळे फुटताना तो आकाराने लहान असतो आणि शिदोरीही थोडी उरते. बलक संपण्याच्या आत बाहेरचे अन्न तोंडात पडले नाही तर पिलू उपाशी मरते. नॉर्वेचे योहान यॉर्ट यांनी १९१४ मध्येच मांडले होते की एखाद्या वर्षी समुद्रात हेरिंग किंवा कॉड भरपूर का आणि दुसऱ्या वर्षी दुष्काळ का, याचे उत्तर पिलांच्या या पहिल्या काही दिवसांत शोधावे लागते. पाणी तापले की पिले लवकर बाहेर पडतात. त्यांचे खाद्य असलेले सूक्ष्म जीव त्याच वेळापत्रकाने पुढे सरकतील याची हमी नसते.

वेळापत्रक सरकण्याचा अनुभव आपल्या देशातही आहे. बराकपूरच्या केंद्रीय अंतर्देशीय मत्स्य संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी नोंदवले आहे की पश्चिम बंगाल-ओडिशातील बीज केंद्रांत कार्प माशांच्या प्रजननाचा हंगाम पूर्वीपेक्षा महिना-दीड महिना आधी, मार्चमध्येच सुरू होऊ लागला आहे. केंद्र चालवणाऱ्याला हा फायदाच वाटतो, हंगाम लांबतो. गंगेतल्या माशाला मात्र नुसते कोमट पाणी पुरत नाही. त्याला पुराचे पाणीही लागते आणि पाऊस मार्चमध्ये येत नाही.

सॅक्रामेंटोच्या आकड्यांबाबत एक सावधगिरी आवश्यक आहे. ‘अंड्यापासून पिलापर्यंतचे जगणे’ मोजतात ते रेडिंगच्या खाली सुमारे पंचाण्णव किलोमीटरवर, रेड ब्लफ येथे सापळ्यांत सापडणाऱ्या पिलांवरून. मधल्या वाटेवर मोठे मासे खातात, तेही त्यातच. शिवाय २०२० च्या सुरुवातीला तिथल्या सामन पैदास केंद्रांत पिले स्क्रूसारखी गोल फिरत मरताना दिसली, तेव्हा आणखी एक कारण उघड झाले. माद्यांच्या अंड्यांत थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व कमी होते. समुद्रात या काळात अँचोवी हा छोटा मासा अतोनात वाढला होता आणि सामनचे पोट जवळजवळ त्याच्यावरच चालले होते. अँचोवीत थायमिन मोडणारे विकर असते. बेरीबेरी हा रोग मुख्यतः पॉलिश केलेल्या तांदळावर जगणाऱ्या माणसांना होतो हे शाळेत शिकलेल्या वाचकाला याचे आश्चर्य वाटणार नाही. एकाच अन्नावर दिवस काढले की माशालाही तोच फटका बसतो. २०२१ च्या नुकसानीत या कमतरतेचाही वाटा होता. सगळे खापर गरम पाण्यावर फोडता येत नाही, तसे ते अँचोवीवर फोडून धरण चालवणाऱ्यांना सुटताही येत नाही.

कारण वाद शेवटी पाण्याच्या वाटणीचा आहे. सॅक्रामेंटो खोऱ्यात भातशेती आहे. धरणाच्या आधीपासून नदीचे पाणी वापरणाऱ्या शेतकऱ्यांचे हक्क जुने आणि पक्के आहेत. त्यांना आवर्तन हवे असते एप्रिल-मेपासून. तेव्हा पाणी सोडले की जलाशयाची पातळी उतरते आणि सप्टेंबरसाठीचा थंड साठा लहान होतो. आवर्तन मागे ढकलले की भाताची लावणी हुकते. जायकवाडीचे पाणी वरच्यांचे की खालच्यांचे, हे भांडण ऐकत मोठे झालेल्यांना यात नवीन काही नाही. फक्त इथे एका बाजूला बोलू न शकणारी अंडी आहेत. नियमावली २०१९ मध्ये बदलली, २०२४ च्या अखेरीस पुन्हा बदलली. धरणाची उंची साडेअठरा फुटांनी वाढवावी, म्हणजे थंड साठाही वाढेल, असा एक प्रस्ताव कित्येक वर्षे रेंगाळत आहे. विनेमेम विंटू या आदिवासी जमातीचा त्याला विरोध आहे. पहिल्या धरणाने त्यांची गावे आणि दफनभूमी बुडवली. वाढीव उंची उरलेली पवित्र ठिकाणे बुडवील. मासेमारांची कोंडी वेगळी. त्यांचे पोट ज्या शरद गटाच्या चिनूकवर चालते, तोही दुष्काळानंतर इतका खालावला की २०२३ ते २०२५ अशी सलग तीन वर्षे कॅलिफोर्नियात सामनची व्यावसायिक मासेमारी बंद ठेवावी लागली.

थंड साठ्याची काटकसर करत राहण्यापेक्षा अंडीच थंड पाण्याकडे न्यावीत, हा विनेमेम विंटूंचा जुना आग्रह. २०२२ च्या जुलैत तो प्रथम ऐकला गेला. शास्ताच्या पायथ्याशी असलेल्या पैदास केंद्रातली सुमारे वीस हजार अंडी थंड पेट्यांत घालून धरणाच्या वर, मॅकक्लाउड नदीकाठी नेण्यात आली आणि नदीचेच पाणी खेळवलेल्या उबवणी पेट्यांत ठेवण्यात आली. महिनाभरात आणखी तेवढीच गेली. ऐंशीहून अधिक वर्षांनी त्या नदीत हिवाळी चिनूकची पिले पोहली. तिथल्या झऱ्यांच्या पाण्याला थंड ठेवण्यासाठी कोणाला दारे उघडावी-मिटावी लागत नाहीत. मोठी झालेली पिले शरद ऋतूत सापळ्यांत धरून गाडीने धरणाखाली नेऊन सोडतात, कारण शास्ताच्या भिंतीत माशाला जायला वाट अजून नाही.